मनात संशय असताना प्रभुभोजन घ्यावे का, आणि शब्बाथ शाळेत शिकवावे का?

प्रश्न – यंत्रमाग जॉबर, अक्कलकोट रोड, सोलापूर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे आणि शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत, मोठ्या मुलांच्या वर्गाला शिकवतो. टर्किश टॉवेलच्या कारखान्यात नोकरी आहे, पण ऑर्डरी घटल्यामुळे माग आठवड्यातले काही दिवसच चालतात आणि पगारही त्याच हिशेबाने हातात पडतो. पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून तिचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हाही ती दिवसभराचे पाणी सकाळीच एका बाटलीत काढून ठेवते, गोळ्या त्यातल्याच घोटाने घेते आणि घसा फारच कोरडा पडला तर बर्फाचा खडा जिभेवर धरते.

मध्यंतरी वर्गाला बायबलमधले ४२वे स्तोत्र शिकवायचे होते. हरिणी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते, हे मुलांकडून म्हणवून घेताना ती बाटली डोळ्यांसमोर आली आणि पुढे काय समजावून सांगावे ते मला सुचेना. उपास झाले, घरी प्रार्थनासभा झाल्या, वडीलमंडळींनी तेल लावून प्रार्थना केली. तरी आपले कोणी ऐकत आहे की नाही, हा प्रश्न आता मनातून हलत नाही. भेटायला आलेल्या एका बंधूंनी “विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे” असे पत्नीच्या देखत सांगितले, तेव्हापासून ती माझ्याशीही याविषयी बोलत नाही.

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या प्रभुभोजनाच्या वेळी, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११वा अध्याय वाचला जातो आणि जो अयोग्य प्रकारे खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे ऐकून मी पेल्यांचा ट्रे शेजाऱ्याकडे तसाच सरकवतो. असे मन असताना प्रभुभोजन घ्यावे का? आणि ज्याची मलाच खात्री उरलेली नाही ते मुलांना शिकवणे हा ढोंगीपणा नाही का?

उत्तर १ – निवृत्त शिक्षिका, सोलापूर

भाऊ, सलाम. तो अध्याय १७व्या वचनापासून सलग वाचावा, अशी माझी विनंती आहे, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा वाचन २३व्या वचनापासून सुरू होते आणि पौल नेमका कशावर रागावला आहे ते श्रोत्यांच्या कानी पडतच नाही. करिंथच्या मंडळीत जे सुखवस्तू होते ते आपापले जेवण आधीच उरकून घेत होते. कोणी उपाशी राहत होता, तर कोणी पिऊन तर्र होत होता, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांची मंडळीदेखत मानखंडना होत होती. अयोग्य प्रकार म्हटला आहे तो हा. संशयाने पोळलेल्या माणसाला मेजावरून उठवावे, असे त्या अध्यायात कोठेही नाही. उलट स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे, असे आहे; परीक्षा करून उपाशी परत जावे, असे नाही. पहिल्या प्रभुभोजनाच्या रात्री त्या मेजावर कोण बसले होते, तेही आठवावे. त्याच रात्री तीनदा नाकारणारा पेत्र तिथे होता आणि बागेत सोडून पळालेले बाकीचेही होते.

त्या अध्यायाचा धाक कोणी बाळगायचाच असेल, तर तो आजारी बाईच्या देखत तिच्या घरच्यांचा विश्वास मोजणाऱ्याने बाळगावा. थोडे कडक लिहिते आहे, पण अशी वाक्ये मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

उत्तर २ – वाचक, बार्शी

प्रभुभोजनाविषयी ताईंनी लिहिलेले मला मान्य आहे. शिकवण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होईल, असे याकोबाच्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात सांगितले आहे. मुलांना शब्दांपेक्षा चेहरा आधी वाचता येतो आणि शिकवणाराच आतून डळमळीत आहे हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. म्हणून या बंधूंनी काही महिने वर्ग दुसऱ्याकडे सोपवावा, असे मला वाटते. याला शिक्षा समजू नये. घरी इतके ओझे असताना रविवारचा धडा तयार करण्याचे ओझे तरी कमी होईल.

उत्तर ३ – निवृत्त पाळक, सध्या मुक्काम सोलापूर

विश्रांती हवी असेल तर अवश्य घ्यावी, पण संशय हे कारण दाखवून वर्ग सोडू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर येशूला नमन करतात आणि त्याच वाक्यात काहींना संशय वाटला, असे नोंदवलेले आहे. लगेच पुढच्या वचनांत, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा आणि शिकवा, ही आज्ञा येते. संशय असलेल्यांना प्रभूने बाजूला उभे केले नाही; नमन करणारे आणि कचरणारे, सगळ्यांना मिळून तेच काम सांगितले.

आता ४२व्या स्तोत्राकडे वळू. पहिले वचन आपण फलकावर लिहितो, भिंतीवर टांगतो आणि तिथेच थांबतो. तिसऱ्या वचनात अश्रू हाच अन्न झालेला माणूस आहे आणि “तुझा देव कोठे आहे?” असे लोक त्याला दिवसभर विचारत आहेत. ९व्या वचनात तर तो देवालाच, तू मला का विसरलास, असे विचारतो. तुम्हाला वर्गात जे सुचले नाही ते स्तोत्रकर्त्याने पुढे लिहूनच ठेवले आहे. मुलांना ते सगळे वाचून दाखवा, आणि खुलासा करता आला नाही तर करू नका. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. शास्त्र संकलित करणाऱ्यांनी त्याला आशेचा शेवट जोडला नाही. संकटांमागून संकटे सोसणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू हिरिरीने मांडली, तरी देव शेवटी त्यांच्यावरच रागावतो आणि भांडणारा ईयोब खरे बोलला, असे म्हणतो. तक्रार देवाकडे नेणारा माणूस देवाला पाठमोरा झालेला नसतो.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण साक्षीत सहज घेतो, पण त्यांची वाट किती लांब होती ते कोणी सांगत नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर त्या आपल्या धर्मभगिनींशी पत्रांतून सडेतोड वाद घालत राहिल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही, ही जाणीव आपल्याला झाली, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा त्यांनी १८८९मध्ये सुरू केली होती, म्हणजे हा शोध संपण्याची वाट पाहत त्यांनी काम थांबवून ठेवले नव्हते. त्यांच्या कष्टांना पुढे गोड शेवट मिळाला, असेही नाही. मुलगी मनोरमा १९२१मध्ये आईच्या आधी गेली आणि रमाबाई १९२२मध्ये.

उत्तर ४ – परिचारिका, सोलापूर

वचनांविषयी वडीलधाऱ्यांनी लिहिले आहे. मी कामाचे लिहिते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचे, टेबल असते. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आधी तिथे चौकशी करावी. रुग्णालयात अजून पैसे भरावे लागत असतील, तर ही चौकशी आजच करावी.

मंडळीतल्या लोकांनाही सांगणे आहे. भेटीला जाताना शहाळे आणि केळी नेऊ नका. त्यांत पोटॅशियम भरपूर असते आणि किडनी निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते साठले तर हृदयाचे ठोके बिघडतात. द्यायचेच असेल तर सोबत द्या. एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात, शिवाय जाणे-येणे वेगळे, आणि ज्या दिवशी माग चालू असतात त्या दिवशी या बंधूंनी तिथे बसायचे म्हणजे खाडा होतो. महिला मंडळाने पाळी लावून या बंधूंच्या पत्नीसोबत बसायचे ठरवले तर तो खाडा वाचेल. बंधू किंवा बहीण उघडी व उपाशी असताना “ऊब घ्या, तृप्त व्हा” म्हणून नुसते निरोप देणाऱ्यांविषयी याकोबाने २ऱ्या अध्यायात काय लिहिले आहे, ते आपल्या सर्वांना पाठ आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. १७व्या वचनापासूनचा भाग काल रात्री पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. शिक्षिकाताईंचे शेवटचे वाक्य ऐकून ती बऱ्याच दिवसांनी हसली. योजनेचे कार्ड आमच्याकडे आहे, पण मधल्या काळात रुग्णालय बदलल्यामुळे नव्या ठिकाणी आम्ही ते दाखवलेच नव्हते. ते काम सोमवारी करतो. बार्शीच्या बंधूंचे म्हणणेही मला टाकाऊ वाटत नाही. वर्ग सोडणार नाही, पण सोबत आणखी एक शिक्षक द्यावा, असे शाळेच्या प्रमुखांना सांगणार आहे. पुढच्या रविवारी ९व्या वचनापासून सुरुवात करीन. प्रभुभोजनाविषयी बुद्धीला पटले आहे, तरी हात पुढे होईल की नाही ते अजून सांगता येत नाही. त्याआधी पाळकसाहेबांशी एकदा समक्ष बोलेन.