शुगरबेकर यांच्या शस्त्रक्रियेतील टिकाऊ भाग कोणता?

प्रश्न: कर्करोग उदरपोकळीच्या आवरणावर पसरला की शल्यचिकित्सक पूर्वी हात टेकत असत. वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर यांनी मात्र कारकीर्द त्यालाच वाहिली. त्यांचे कोणते संशोधन आजही ग्राह्य धरले जाते, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १: हे आवरण सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियांची पद्धतशीर मांडणी त्यांनी १९९५ साली केली. दिसणारी प्रत्येक गाठ काढायची आणि मग गरम केलेले कर्करोगविरोधी औषध पोटातच फिरवायचे, असा हा क्रम आहे. पोटाचे १३ विभाग पाडून कर्करोग कितपत पसरला आहे त्यानुसार प्रत्येकाला ० ते ३ गुण देणारा जो निर्देशांक त्यांनी सहकाऱ्यासह तयार केला, तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण शस्त्रक्रिया कोणावर करू नये हे ठरवतानाही त्याचा आधार मिळतो.

प्रतिसाद २: गरम औषधाबाबत मात्र सावध राहावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील फ्रान्सच्या 'प्रॉडिज ७' चाचणीत २६५ रुग्ण होते; औषध दिलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो कालावधी) ४१.७ महिने, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे ४१.२ महिने भरले. म्हणजे श्रेय प्रामुख्याने शल्यकौशल्याचेच.

प्रतिसाद ३: त्या चाचणीत ऑक्झालिप्लॅटिन हे गरम औषध केवळ ३० मिनिटे दिले होते, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय अंडाशयाच्या कर्करोगावरील २०१८ च्या डच चाचणीत सिस्प्लॅटिन या दुसऱ्या गरम औषधामुळे मध्यक आयुर्मानाचा हाच आकडा ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेला. त्यामुळे एका अवयवाचा निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावू नये.