बुऱ्हाणपूरच्या बडी संगतला कडाह प्रसाद: घरून करून न्यावा का?

केळीवाला_रावेर: राम राम मंडळी. गावातून एक गाडी भरून बडी संगत गुरुद्वाऱ्यात जातोय. कडाह प्रसाद (गुरुद्वाऱ्यातला कणकेचा शिरा) इथूनच करून नेला तर चालतो का? प्रमाण काय? लंगरला, म्हणजे तिथल्या सामुदायिक जेवणाला, केळीचे घडही द्यायचे आहेत.

तापीकाठ: रेहत मर्यादेप्रमाणे (शिखांच्या आचारनियमांप्रमाणे) केलेला असेल तर नेलेला चालतो. पण वाटेत गार होऊन तूप गोठतं, म्हणून ग्रंथींना (तिथले ग्रंथपाठ करणारे सेवक) आधी विचारून तिथेच देग, म्हणजे प्रसादाची कढई, लावलेली बरी. बहुतेक मोठ्या गुरुद्वाऱ्यांत देगेचे पैसे भरून पावती मिळते. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये बहादूरशहाबरोबर दक्षिणेत उतरताना बुऱ्हाणपुरात थांबले होते, त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडला ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. त्यांची सही असल्याची परंपरा असलेली हस्तलिखित बीडही (गुरू ग्रंथसाहिबाची प्रत) तिथे आहे. दर्शनाची वेळ सेवादारांना विचारा, हात लावू नका.

सराटा: प्रमाण सोपं: कणीक, साजूक तूप, साखर तिन्ही वजनाने समान, पाणी कणकेच्या तिप्पट ते चौपट. किलो-किलोची देग चाळीस ग्रॅमच्या हिशेबाने शंभराच्या वर माणसांना पुरते. कणीक लाडवासाठी दळतो तशी जाडसर. बारीक असली की चिकट गोळा होतो. एकीकडे साखर-पाणी उकळत ठेवा, तार नको. दुसरीकडे लोखंडी कढईत तूप तापवून कणीक मध्यम आचेवर भाजा. तांबूस होऊन तूप सुटेपर्यंत हात थांबवू नका, घाई केली की कच्चा वास राहतो आणि तो मग जात नाही. पाणी कडकडीतच हवं, गार ओतलं की गुठळ्या. थोडं थोडं, लांबून ओता, फार उडतं. कडेने तूप सुटलं की उतरवा.

आपल्याकडच्या बायाबापड्यांना हटकून सांगा: चाखायचं नाही! डोकं झाकून, जोडे बाहेर, गुरुवाणीचा पाठ म्हणत करतात. अरदास (प्रार्थना) होऊन प्रसादाला किरपाण लागल्यावरच वाटप.

फैजपूरकर: तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी गाडीतच ठेवा. खिशातसुद्धा नको, आपली मंडळी नेमकी इथेच चुकतात. टोपीपेक्षा रुमाल बांधा. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. पंगतीत हवं तेवढंच, ताटात टाकू नका.

केळी हिरवी नेऊ नका, त्यांच्याकडे पिकवायची सोय कुठून असणार? चेंबरमधून पिवळी झालेली, फण्या सोडवून क्रेटमध्ये न्या. नाहीतर सरळ पीठ, डाळ द्या, ते रोज लागतं.

केळीवाला_रावेर: तूप फार महाग पडतंय. निम्मं डालडा टाकलं तर?

सराटा: नाही. पाव-पाव किलोची देग करा, पण तिन्ही समान आणि तूप साजूकच.