मृगजळ आणि आकाशपुष्प

प्रश्न : ‘पुण्यात घर घेणं म्हणजे मृगजळ’ असं एका मथळ्यात वाचलं. इथे मृगजळ म्हणजे अशक्य गोष्ट का? आणि मरीचिका, मृगतृष्णा हे नुसते समानार्थी शब्द का?

– वस्तू एकच, बघणं वेगळं. मरीचि म्हणजे किरण, म्हणजे मरीचिकेत कारण आलं. मृगतृष्णेत हरणाची तहान. मराठीत रुळलं ते मात्र नसलेलं पाणीच. ज्ञानेश्वरीत यालाच ‘रोहिणीचें जळ’ही म्हटलंय. इतका देखणा शब्द आपण का टाकला कोण जाणे!

एप्रिल-मेच्या दुपारी सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन मागे टाकलं की पुढच्या डांबरावर पाणी चमकताना दिसतं. ते असतं आभाळ. डांबरालगतची हवा तापून विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते. आभाळाकडून तिरका खाली येणारा उजेड या थरांतून वळत वळत जमिनीला न टेकताच वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. १७९८ साली नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीत तहानलेल्या सैनिकांना हेच दिसलं, आणि बरोबर असलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने त्याचा उलगडा केला.

मोबाइलवर फोटो काढा, त्यातही ते ‘पाणी’ येतं. म्हणून याला दृष्टिभ्रम म्हणणं मला पटत नाही. डोळा बरोबर बघतो, आपण त्याला पाणी म्हणतो तिथे चुकतं. वेदान्तातला, अंधारात दोरीच्या जागी भासणारा साप दिवा आणला की जातो. मृगजळ कळल्यावरही दिसतच राहतं.

प्रश्न : म्हणजे मथळा चुकला?

– कोणाच्या घराबद्दल आहे त्यावर ठरेल. जे मुळातच नाही त्यासाठी आपल्याकडे आकाशपुष्प आहे, सशाचं शिंग आहे. मृगजळ आधी दिसावं लागतं, अगदी हाताशी आल्यासारखं. आणि आपण चार पावलं टाकली की तेही चार पावलं पुढे सरकतं. पाच वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे जमवले, तोवर भाव तेवढेच वर गेले, तर त्या दोन खोल्यांना खुशाल मृगजळ म्हणा. मला कोथरूडला बंगला हवाय, ते आकाशपुष्प.