वे ऑफ अ गाउचो (१९५२): गाउचोचं खोगीर, फास आणि गोळे नेमके कसे काढायचे?

रेघोट्या
झाक तुर्नरचा 'वे ऑफ अ गाउचो' पाहिला. रोरी कॅल्हून, जीन टिअर्नी, १८७० च्या दशकातला आर्जेन्टिना आणि तिथले गाउचो, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे स्वार. त्यावर चार-पाच रेखाटनं करायची आहेत, पण हात सारखा टेक्सासच्या काउबॉयकडे वळतो. खोगिराला शिंग (काउबॉयच्या खोगिराला पुढे असतो तो खुंटा) नसेल तर फासाचा दोर बांधतात कुठे? तीन गोळ्यांची बोलेआदोरास हातात धरायची कशी? आणि कथेतला एक प्रश्न: खून केलेल्या नायकाला, मार्टिनला, तुरुंगाऐवजी सैन्यात धाडतात, ही सिनेमावाल्यांची सोय की खरंच तसं होतं?

खोगीरभरती
शिंग आधी खोडा, निम्मं काम तिथेच होईल. गाउचोचं खोगीर म्हणजे 'रेकादो'. तो एकसंध नसतो, थरांचा असतो. घोड्याच्या पाठीला लागून घाम टिपणारं लोकरी कापड, त्यावर कातड्याची रुंद 'कारोना', तिच्यावर 'बास्तोस', म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या, आत भर घातलेल्या दोन कातडी वळकट्या. रिकिबी या वळकट्यांनाच लटकतात. वळकट्यांवरून तंग (पोटाखालून जाणारा पट्टा) आवळायचा आणि मग तंगाच्या वर मेंढीचं लोकरीसकट कातडं टाकायचं. सर्वांत वर आणखी एक पट्टा, नाहीतर दौडीत ते कातडं स्वारासकट घसरतं. दोन वळकट्यांमध्ये फट ठेवायला विसरू नका. ती बुजली की भार थेट कण्यावर येतो आणि घोड्याची पाठ लागते. रात्री हेच थर सुटे करून जमिनीवर अंथरले की बिछाना तयार, म्हणून मुक्कामाच्या चित्रात घोडा उघड्या पाठीचा दाखवा.

आता दोर. तो तंगाच्या उजव्या बाजूच्या कडीला पक्का बांधलेला असतो. त्यामुळे ओढ बरगडीपाशी, खालून लागते. जनावर डावीकडे पळालं तर दोर घोड्याला किंवा स्वाराच्या मांडीला वेढा घालतो, म्हणून स्वार लगेच घोडा वळवून उजवी बाजू जनावराकडे आणतो. आडव्या उभ्या घोड्याला अचानक हिसका बसला तर घोडाच लोळतो. शिंगाला गुंडाळलेला दोर ढिला सोडता येतो, इथे ती सोय नाही. अडकलंच तर सुरीने कापायचा.

दोर कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांचा विणलेला, करंगळीएवढा, साधारण २० मीटर. त्याला चरबी चोळावी लागते. सुकला की तडकतो, भिजला की ताणतो. म्हणून तो सुतळीसारखा लोळागोळा काढू नका, वेटोळ्याला ताठपणा दिसू द्या.

पाणवठा
बोलेआदोरास: कातड्यात मढवलेले तीन गोळे, तिन्हींच्या वाद्या एका गाठीत. दोन गोळे सारखे, तिसरा लहान, आणि हातात असतो तो लहानच. गाठ हातात धरलेली चित्रं सर्रास दिसतात, ती चूक. लहान गोळा मुठीत धरून बाकीचे दोन डोक्यावर फिरवायचे, सोडले की तिन्ही हवेत एकमेकांभोवती गरगरत जातात आणि पायांना गुंडाळतात.

गुरांसाठी दगडाचे, घोडा धरायचा तर हलके लाकडी, म्हणजे पाय मोडत नाही. रिया या शहामृगासारख्या पक्ष्यासाठी दोनच गोळ्यांची हलकी जोडी. डार्विन १८३३ मध्ये मालदोनादोच्या भागात फिरला, त्याने अंतरं दिली आहेत: उभ्याने ५०-६० यार्ड, तेही नेमाचा भरवसा नाही, आणि दौडत्या घोड्यावरून ८० यार्डांपर्यंत. त्याने स्वतः फिरवून पाहिलं तेव्हा मोकळा गोळा झुडपाला लागला, फेर मोडला, खाली पडला आणि त्याच्याच घोड्याचा मागचा पाय जखडला. फेर मोडला की अवजार कुणाचंच राहत नाही. म्हणून फेकीचं चित्र झाडीत नको, उघड्या गवतात घ्या.

जुनं_दफ्तर
सैन्याची शिक्षा काल्पनिक नाही. ब्वेनोस आइरेस प्रांतात १८१५ च्या हुकमाने जमीन नसलेल्या प्रत्येक गावकऱ्याला नोकर ठरवलं. मालकाची सही असलेली चिठ्ठी जवळ बाळगायची, दर तीन महिन्यांनी नवी करायची. चिठ्ठी नाही तर तो 'भटक्या', आणि भटक्याला पाच वर्षं सैन्य. १८६५ च्या ग्रामीण कायद्यानेही हीच रीत चालू ठेवली. ठरवणारा गावचा न्यायाधीश, त्याच्याशी वाकडं असलं की संपलंच. सरहद्दीच्या ठाण्यांवर पगार महिनोन्महिने थकलेला, घोडे मरतुकडे. पळून जाणारे खूप. सिनेमात मार्टिन पळतो ते म्हणूनच पटतं. मात्र खुनाचा आरोप नसतानाही माणसं उचलली जात, हा भाग सिनेमा सोईस्करपणे झाकतो.

जाता जाता: फॉक्स ही अमेरिकन सिनेमा कंपनी इतक्या लांब आर्जेन्टिनात गेली ती निसर्गासाठी नव्हे. राष्ट्राध्यक्ष पेरोनच्या राजवटीत तिथली कमाई देशाबाहेर नेता येत नव्हती, म्हणून तिथेच खर्चून सिनेमा काढला. चित्रणाच्या दृष्टीने फायदाच झाला म्हणा.

रेघोट्या
हे छापून भिंतीवर लावते! आता सुरी आणि कपडे?

खोगीरभरती
सुरी म्हणजे 'फाकोन'. लांब, सरळ पात्याची, पुष्कळदा मोडक्या तलवारीतून घडवलेली. ती कमरेच्या बाजूला लटकत नाही. पाठीमागे पट्ट्यात आडवी, मूठ उजव्या हाताकडे. झुंजीत पोंचो (डोक्यातून घालायची घोंगडी) डाव्या हाताला गुंडाळून ढाल करतात, थोडं टोक खाली लोंबतं ठेवून, म्हणजे समोरचा त्यावर पाय देतो आणि अडखळतो. बहुतेक झुंजींचा हेतू तोंडावर खूण करण्याचा असे, जीव घेण्याचा नव्हे. म्हणून वार पोटाकडे काढू नका, नाकाडोळ्यांकडे काढा.

कमरेला 'चिरिपा': चौकोनी कापड पायांमधून काष्ट्यासारखं घेऊन पट्ट्यात खोचलेलं, खाली पांढरी विजार. या दशकात फुगीर 'बोंबाचा' पायजमेही रुळले होते, दोन्ही चालतील. गरीब गाउचोच्या पायात घोड्याच्या मागच्या पायाचं कातडं अख्खं सोलून, ओलं असतानाच चढवलेला बूट. बोटं उघडी, कारण रिकिबीची गाठ तो बोटांच्या बेचक्यात धरतो.

पाणवठा
मूळ रहिवासी काढणार असाल तर पिसांचे मुकुट आणि धनुष्य नकोत. मापुचे, रांकेल स्वारांचं मुख्य हत्यार बांबूचा लांब भाला आणि हेच गोळे.

जुनं_दफ्तर
कुंपण घेतलंत तर साधी गुळगुळीत तार दाखवा. ती तिथे १८४५ पासून आहे. काटेरी तारेचं गाजलेलं अमेरिकन पेटंट (ग्लिडनचं) १८७४ चं, पाम्पात, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानात, ती नंतर पसरली.