दहा हजारांच्या आतली दुर्बीण: तुमची कशी निघाली?

पहिली दुर्बीण मी आकडा बघून घेतली. २०×५०, म्हणजे वीस पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं. दुकानदार म्हणाला, "साहेब, वीसपट!" घरी येऊन गॅलरीतून समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या घारीकडे लावली. घार सापडायलाच पाच मिनिटं गेली, आणि सापडली तेव्हा ती टाकीसकट थरथरत होती. धाप मला लागली होती आणि हलत होती घार.

ती दुर्बीण दोनदा पाषाण तलावावर नेली, मग माळ्यावर टाकली. नंतर शहाणपण आलं आणि ऑलिंपसची ८×४० घेतली, साधी जुन्या घाटाची, पोरो प्रिझमवाली, म्हणजे नळ्या सरळ नसतात, मधे पायरी असते. वजन ७१० ग्रॅम. एक किलोमीटरवर १४३ मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो, म्हणजे उडता खंड्या निदान चौकटीत तरी राहतो. चार वर्षं झाली, तक्रार नाही. फक्त पहिले सहा महिने उजव्या डोळ्याच्या बाजूचं ते फिरणारं कडं कशासाठी असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं नीट करायचं, मग डावा मिटून त्या कड्याने उजव्याचं, आणि त्यानंतर कड्याला हात लावायचा नाही. हे कळल्यावर तीच दुर्बीण दुप्पट किमतीची वाटायला लागली.

आता मेहुण्याला घ्यायची आहे, बजेट दहाच्या आत. स्वतः वापरलेल्या दुर्बिणीबद्दलच लिहा. दुकानात काय बघितलंत, पुढे काय बिघडलं, काय उगाच महाग घेतलं. कॅमेऱ्याच्या लेन्सचा विषय इथे नको, तो निघाला की दुर्बिणीचं बोलणं तिथेच संपतं.

चष्मिश

डोंबिवलीहून लिहितेय. माझा नंबर उणे साडेचार, वर सिलिंड्रिकल. पहिली दुर्बीण नावाजलेली होती, नाव घेत नाही. चष्मा लावून बघितलं की मधोमध रुपयाएवढं गोल भोक आणि भोवती काळोख. मला वाटायचं दुर्बिणीतून असंच दिसतं! मग चष्मा डोक्यावर सरकवून बघायची सवय लागली. पक्षी दिसला की चष्मा वर, दुर्बीण डोळ्याला, तोवर पक्षी फांदीवरून गेलेला. कर्नाळ्याला स्वर्गीय नर्तक आला, पांढरी शेपूट हलवत पाण्याकडे उतरला, आणि मी मान खाली घातली तशी चष्माच ओढ्यात. नर्तक इतरांनी पाहिला, मी चष्मा शोधत होते.

तर चष्मेवाल्यांनी आय रिलीफ किती मिलिमीटर ते आधी विचारायचं. डोळा काचेपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, त्याचा हा आकडा. माझ्या पहिल्या दुर्बिणीचा बारा होता. पंधराच्या खाली चष्म्यासकट जमत नाही, सोळा-सतरा असेल तर सुख. साधा जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, चाक फिरवून भागतं. सिलिंड्रिकलचं चाकाने भागत नाही. दुकानात रबरी कप खाली करून, चष्मा लावून, चित्राची गोल कड स्पष्ट दिसते का ते बघा. दिसली नाही तर विक्रेता काहीही म्हणो, उठा.

मोजपट्टी

चष्मिशताई, बरोबर. मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिक. नांदूर मध्यमेश्वरला महिन्यातून एकदा तरी जातो. माझी तपासणी शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीने होते.

दुर्बीण हातभर लांब धरा, तोंड उजेडाच्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे (सूर्याकडे चुकूनही नाही). डोळा लावायच्या काचेत उजेडाचा एक छोटा गोल तरंगताना दिसेल. तो पट्टीने मोजा. पुढच्या भिंगाचा व्यास मोजा. भिंगाला गोलाने भागलं की खरी पट निघते. ८×४२ असेल तर गोल सव्वापाच मिलिमीटरचा यायला हवा. यात्रेत नातवासाठी घेतलेल्या दुर्बिणीवर ३०×६० छापलं होतं. भिंग भरलं ३४, गोल साडेचार. म्हणजे जेमतेम साडेसात पट! तीसही खोटं, साठही खोटं. (आत उजेड अडवणारी चकती बसवलेली असेल तर हा हिशोब थोडा चुकतो, पण अंदाज येतो.)

गोल मोजलात की त्याचा आकारही बघा. स्वच्छ गोल हवा. कडा करड्या आणि कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर प्रिझमची काच हलकी आहे. आणि हा गोल का महत्त्वाचा? भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, तेव्हा कुठलीही दुर्बीण चालते. पहाटे बाहुली मोठी होते, तेव्हा अडीच मिलिमीटरच्या गोलातून झाडाखालचं काही दिसत नाही. म्हणून ती खिशातली १०×२५ दुकानाच्या ट्यूबलाइटखाली झकास वाटते आणि सकाळी सहाला आंधळी होते. दुकानात संध्याकाळी जा. बाहेर येऊन अंधाऱ्या बोळात लावून बघा.

लाल-नारिंगी चमकणारी भिंगं असतील तर लांबूनच नमस्कार. लाल उजेड परत फेकतात, आत निळं-हिरवं चित्र पोचतं. अशा दुर्बिणीतून मी हळद्या बघितला, कच्च्या लिंबाच्या रंगाचा.

कुंभारगावचा

मी भिगवणकडं पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतो. माझी स्वतःची एकच दुर्बीण, पण पाहुण्यांच्या शंभरेक तरी डोळ्याला लावल्या असतील. स्वस्त, महाग, लाखाची पण.

खरं सांगू का, होडीत दहापटीची कामाची नाही. पाणी हलतंय, होडी हलतीय, शेजारचा माणूस फोटोसाठी उठतोय. रोहित मोठा पक्षी, तो कशातनं पण दिसतो. टिलवा बघायचा तर कळतं. बोटभर पक्षी चिखलात पळतोय, आणि साधा का टेमिंकचा ते पायावर ठरतं. काळे पाय साधा, पिवळसर पाय टेमिंकचा. हलक्या काचेत पाय नुसते मातकट दिसतात, मग पाहुणे माझ्याशी भांडतात. बगळ्याकडं लावून बघा, पांढऱ्या पाठीला जांभळी झालर दिसली तर काच तशीच. थोडी झालर चालते ओ, दहा हजारात कुणी झालर काढून देत नाही. पण बगळ्यापेक्षा झालरच जास्त दिसायला नको.

माझी दहा वर्षांची आहे, ८×४२. रबर सुटलं तवा सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चढवली. ती आधीपेक्षा भारी पकड देते. एक विनंती: दुर्बीण हातात घेतली की आधी पट्टा गळ्यात घाला. उजनीत तळाला किती दुर्बिणी पडल्यात ते मला माहितीय.

कातळसडा

ट्यूबची आयडिया घेतली, दादा.

आम्ही कोकणातले, आमचा शत्रू एकच, दमट हवा. माझी साधी पोरो दुर्बीण तीन पावसाळ्यांत गेली. शाळेच्या कपाटात कापडी पिशवीत ठेवली होती. ऑक्टोबरात काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, मधूनच फांद्या फुटलेली. रत्नागिरीतून पुढे पाठवून साफ करून घेतली, बाराशे रुपये गेले. परत आली ती काच लख्ख, पण समोरचा एक माड दोन दिसायला लागला. दोन नळ्यांची दिशा जुळवायची राहिली होती. दहा मिनिटं बघितलं की भुवयांच्या मध्ये ठणका. परत पाठवली, तर म्हणाले "आता असंच राहणार".

तेव्हापासून मी दुकानात एकच परीक्षा घेतो. लांबची आडवी रेघ धरायची, विजेची तार किंवा छपराची कड. दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर मागे न्यायची. दोन गोलांतली तार एका पातळीत राहिली पाहिजे. एकीत वर, एकीत खाली, पायरी पडली, तर ती दुर्बीण परत काउंटरवर.

आता सीलबंद, नायट्रोजन भरलेली, सरळ नळ्यांची ८×४२ आहे. तेवढ्याच पैशात पोरोचं चित्र जास्त खोल आणि उजळ असतं हे मान्य. सरळ नळीच्या प्रिझमवर जास्तीचे थर चढवावे लागतात, स्वस्तात ते कमी पडतात. पण मला जून ते सप्टेंबर बघायचं आहे. माडगरुड (तुमचा धनेश) आमच्या मागच्या वडावर येतो तेव्हा पावसाची वेळ बघून येत नाही. डबा हवाबंद, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे. बायको म्हणते, हा एवढा एकच पदार्थ तुम्हाला येतो.

माळावरचा

सगळे दहापटीला नावं ठेवताय म्हणून लिहितो. सोलापूरकडच्या माळांवर भोवत्या फर्लांगभर लांबून उडतो. तिथे आठपट म्हणजे ठिपका. मी १०×४२ वापरतो, नऊ हजारांत घेतली, सहा वर्षं. हात हलतो ना, मग खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेका. टोपीची कड आणि दुर्बीण एकत्र धरा, निम्मं थरथरणं जातं. सकाळी दहानंतर मात्र माळ तापला की हवाच उकळते, मग दहा काय आणि आठ काय, घरी जाऊन भाकरी खावी.

कुंभारगावचा

माळावर जमीन हलत नाय ओ. होडीत या, मग बोलू.

नीलवंत

वय ६८, सांगली. मला पक्ष्यांपेक्षा फुलपाखरं आवडतात. लेकीने आधी आणली ती दुर्बीण पाच मीटरच्या आत काही दाखवायचीच नाही. फुलपाखरू अंगणातल्या कढीपत्त्यावर आणि मी स्पष्ट दिसावं म्हणून मागे मागे सरकत तुळशीवृंदावनाला धडकलेली. तेव्हापासून जवळात जवळ किती, हे विचारल्याशिवाय मी काही घेत नाही. पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ मिळाली, ती अर्ध्या मीटरवरचंही दाखवते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत गेल्या श्रावणात लिंबावर अंडी घालत होतं, पंखावरच्या निळ्या पट्ट्याची भुकटी मोजता यावी इतकं जवळ. सकाळी लवकर झाडीत ती अंधारते, हे मोजपट्टी भाऊंचं गणित खरं आहे. पण फुलपाखरं तरी ऊन आल्याशिवाय कुठे उठतात!

दोन पिल्लांचा बाप

एक छोटं. मुलांसाठी घेणार असाल तर दोन नळ्या किती जवळ येतात ते बघा. पुष्कळ दुर्बिणी ५६ मिलिमीटरच्या खाली मिटतच नाहीत. माझी सात वर्षांची मुलगी वर्षभर एकाच डोळ्याने बघत होती आणि मला वाटायचं ती समुद्री चाचा खेळतेय.

लेस्टरकर

इथे इंग्लंडात पक्षी संरक्षण संस्थेच्या, म्हणजे आरएसपीबीच्या, अभयारण्यांतल्या दुकानांत पाच-सहा दुर्बिणी समोर मांडतात आणि खिडकीतून बाहेरचं तळं बघा म्हणतात. अर्धा तास घेतला तरी कोणी घाई करत नाही. बाबांसाठी तिथूनच घेतली, साध्यातली ८×४२. ते आता अकोल्याला गॅलरीत बसून समोरच्या शेवग्यावरचा तांबट बघतात. रोज फोनवर अहवाल येतो: आज भोक किती खोल गेलं, मादी आली का, किती वाजता. आम्हा भावंडांची एवढी चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. आपल्याकडे काउंटरची काच मधे, आणि "घेणार असाल तर उघडतो" ही अट. म्हणून एकच सांगते, ओळखीच्या तिघांकडच्या तीन रविवारी उसन्या घ्या आणि मग पैसे काढा.

रात्रपाळी

आकाशदर्शनवाल्यांची हजेरी लावतो. निकॉनची ॲक्युलॉन १०×५०, वजन जवळपास नऊशे ग्रॅम. मान आणि हात दुखतात, म्हणून गच्चीवर सतरंजीवर आडवा होतो. कृत्तिका, देवयानी दीर्घिकेचा धुरकट डाग, आणि भिंतीला टेकून धरली तर गुरूचे चंद्र. दिवसा हीच पक्ष्यांना लावतो. एकच घ्यायची असेल आणि दोन्ही छंद असतील तर हिचा विचार करा. झूमवाली मात्र नको. मी एक घेतली होती, तीसपटीवर चंद्र डाळीच्या वरणासारखा दिसायचा.

(पहिला लिहिणारा)

मंडळी, मेहुण्याला चष्मा आहे, राहतो चिपळूणला, आणि होडीला घाबरतो. म्हणजे सीलबंद ८×४२, आय रिलीफ पंधराच्या वर. शनिवारी तारेची परीक्षा घ्यायला त्याला घेऊन जातोय, पट्टी खिशात ठेवून.

मोजपट्टी काका, तुमचं वाचून काल माळ्यावरची २०×५० काढली. धूळ पुसून उजेडाचा गोल मोजला. अडीच मिलिमीटर. भिंग मोजलं, पन्नास. तीनदा मोजलं. वीसच्या वीस पट! चार वर्षं मी त्या दुकानदाराला शिव्या घालत होतो, आणि त्याने अक्षरशः खरं सांगितलं होतं.

आता ती सोसायटीच्या वॉचमन मामांकडे आहे. गेटच्या खांबावर टेकवून, टाकी भरून वाहायला लागली का ते खालूनच बघतात. घार कधी कधी दिसते म्हणाले.