दुकानात टोळीने चोरी: एनसी की कलम 112?

गादीवाला_मिरज
आमचं साड्यांचं दुकान वडिलांच्या वेळचं. गिऱ्हाईक अजून गादीवरच बसतं. लग्नसराईत चौघी आल्या, एकीच्या कडेवर मूल. दोघींनी "हा काठ नको, तो दाखवा" करत घड्या मोडायला लावल्या, ढीग झाला. तिसरीने मुलासाठी पाणी मागितलं, कामाचा पोरगा आत गेला. तेवढ्यात चौथी बाहेर. रात्री घड्या घालताना तीन साड्या कमी. खरेदीच्या भावाने 4,600 रुपये. कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. ठाण्यात म्हणाले, पाच हजारांच्या आत आहे, एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होईल. त्याच आठवड्यात त्याच चौघी जयसिंगपूरच्या एका दुकानाच्या फुटेजमध्येही आहेत, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आलं म्हणून कळलं. नव्या कायद्यात टोळीसाठी वेगळं कलम आहे म्हणतात. ते इथे लागतं का? "जाऊ द्या शेठ, विमा आहे ना" हे सांगायचं असेल तर कृपया लिहू नका. विमेवालाही आधी एफआयआरच मागतो.

काळाकोट
लागू शकतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या कलम 112 मध्ये किरकोळ संघटित गुन्हा येतो: टोळीतल्या माणसाने एकट्याने किंवा मिळून केलेली चोरी. त्यात दुकानातून माल उचलणं स्पष्ट शब्दांत लिहिलंय. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात, शिवाय दंड. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून एफआयआर करून तपास करता येतो, आणि अजामीनपात्र.

पाच हजारांचं म्हणाल तर ते कलम 303(2) मधलं आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा, आणि ते अदखलपात्र. पण दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत. तिथली चोरी 305 मध्ये बसते, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्याला रकमेची अट नाही. म्हणजे 112 बाजूला ठेवलं तरी एनसीवर बोळवण व्हायचं कारण नाही.

फिर्यादीत "साड्या चोरीला गेल्या" एवढंच लिहू नका. कोणी घड्या मोडायला लावल्या, कोणी पाणी मागितलं, कोण बाहेर पडली, हे क्रमाने लिहा. टोळी त्यातूनच दिसते. जयसिंगपूरचा जिल्हा वेगळा, तिथल्या दुकानदाराने तिथे स्वतंत्र फिर्याद द्यावी आणि दोन्हीत एकमेकींचा उल्लेख हवा. ठाण्याने घेतलीच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, मग न्यायदंडाधिकारी.

सनीवेलचा_सांगलीकर
इकडे कॅलिफोर्नियातही वाद रकमेवरूनच झाला. 2014 च्या प्रपोझिशन 47 ने, म्हणजे थेट मतदानाने झालेल्या कायद्याने, दुकानातली 950 डॉलरपर्यंतची चोरी किरकोळ ठरवली. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनीच प्रपोझिशन 36 मंजूर करून वेगवेगळ्या चोऱ्यांची बेरीज धरायची सोय केली. तुमचे 4,600 आणि जयसिंगपूरचे जे असतील ते इथे एकत्र मोजता आले असते.

रानवाट
112 मधल्या "किंवा तत्सम इतर गुन्हेगारी कृत्य" या शब्दांची मला भीती वाटते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच चोर ठरवल्या. तो 1952 मध्ये गेला, पण संशय गेला नाही. टोळी म्हटलं की पहिलं बोट भटक्यांच्या पालावर जातं. तुमच्या ग्रुपवर जातीचं नाव फिरतंय का?

गादीवाला_मिरज
फिरत होतं. मी ॲडमिनला काढायला लावलं. मला त्या चौघींचे चेहरे माहीत आहेत, जात माहीत नाही. वकीलसाहेब, पुढच्या वेळी दुकानातच सापडल्या तर दार लावून झडती घ्यायची का? आणि फुटेज पेन ड्राइव्हवर दिलं की झालं?

काळाकोट
झडती अजिबात नको, ते काम पोलिसांचं, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. डोळ्यांदेखत असा गुन्हा झाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे धरून ठेवता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाण झाली तर आरोपी तुम्ही.

नुसता पेन ड्राइव्ह चालणार नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हवं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासायचा सांकेतिक आकडा. भाग अ वर तुमची सही, भाग ब वर तज्ज्ञाची. आणि आजच डीव्हीआरवरून (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) कॉपी काढा, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

गादीवाला_मिरज
कॅमेरेवाल्याला दुपारी बोलावलंय. जयसिंगपूरचे शेठ खरेदीची बिलं शोधताहेत, त्यांच्याकडची अर्धी खरेदी कच्च्या चिठ्ठीवर आहे, त्याचं काय करायचं?