आईला डोंबिवलीला आणायचं की गुहागरलाच राहू द्यायचं?

पडवीकर:
आई ७६ ची, गुहागरजवळ एकटी असते, आम्ही दोघे भाऊ डोंबिवलीत. गणपतीत गावी गेलो तेव्हा धाकट्याने विषय काढला, हिला बीपीची गोळी चालू आहे, रात्री काही झालं तर कोण बघणार, आता इकडेच आणूया. मला नाही पटत. पाऊस सरला की ती रोज सकाळी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून आगरात जाते, पोफळींना शिंपणं करते, पडलेल्या सुपाऱ्या ओच्यात घेऊन परत चढते. दुपारी कुळथाची पिठी नि भात, संध्याकाळी देवळात भजन. गेल्या वर्षी चार महिने आमच्याकडे होती, लिफ्टने खाली लिफ्टने वर, बाकी टीव्ही. गावी परतली तेव्हा त्याच पाखाडीवर दोनदा टेकावं लागलं तिला. रिपोर्ट सगळे नॉर्मल होते हां! पाय, जेवण, झोप, बोलायला माणसं, हे सगळं धरून म्हातारपण बघायला पाहिजे, नुसता कागद बघून नाही.

खाडीपलीकडची:
डोंबिवलीतून गाव फार छान दिसतं हो. मी इथेच राहते, सासऱ्यांचं सगळं मी केलंय. त्यांचंही आगर होतं, भजन होतं. रोज ताटात सुकट नाहीतर खारवलेला बांगडा, लोणचं, वर पेजेत मीठ. डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी आपणहून बंद केली, बीपी दुखत नसतं हे कितीदा सांगितलं. पहाटे ३ ला उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. जुलैचा पाऊस, गाडी मिळेपर्यंतच तास गेला, पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती. पुढची दोन वर्षं ते खाटेवर होते.

आबलोलीचा फिजिओ:
दोघांचंही बरोबर आहे पण पडवीकर, एक गोष्ट सुटतेय. चालणं वेगळं नि तोल वेगळा. ६५ च्या पुढे आठवड्यातून ३ दिवस तरी तोल नि ताकदीचे व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की तरणाही घसरतो, या वयात खुबा मोडला की सगळंच बदलतं. डोळे तपासलेत का? मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही नि लोक म्हणतात पाय लटपटतात. आणि कानही बघा, ऐकू येईनासं झालं की माणूस हळूहळू भजनाला जाणंही सोडतो.

पडवीकर:
डोळ्यांचं खरंच डोक्यात नव्हतं. या शनिवारी जाऊन पाखाडीला धरायला पाइप बसवून घेतो. पण तिला तिथून उपटून आणणं मला अजूनही चूकच वाटतं.

खाडीपलीकडची:
पाइपाने लकवा थांबत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, पुरुष सगळे मुंबईला. गावीच राहू दे म्हणता तेव्हा रात्री उठून धावायचं ते शेजारच्या सुनेने, म्हणजे माझ्यासारखीने, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. दोघे भाऊ आहात, एकाआड एक महिना या, गोळ्यांच्या स्ट्रिपा स्वतः मोजा, आणि गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एवढं जमत असेल तर खुशाल राहू दे तिला आगरात.